वाक्य कुठे संपते?

मगरिबनंतर वह्या तपासायला बसले होते. दारात आमच्या कन्हेरीतल्याच एक भाभी आणि त्यांची मुलगी. हातात एक अर्ज. मुलगी बारावीनंतर बाहेरगावी शिकायला गेली आहे, आता दुसऱ्या वर्षाला आहे. फीचे दोन हप्ते करून मिळावेत म्हणून तिने कॉलेजच्या ऑफिसला इंग्रजीत अर्ज केला होता. तो परत आला होता. कोपऱ्यात लाल शाईने तीन शब्द लिहिलेले: ‘रिक्वेस्ट नॉट क्लिअर’. फी भरायची मुदत संपायला चार दिवस उरले होते.

“आपा, इसमें गलत क्या है?” भाभी म्हणाल्या. “सब तो लिखी है ना इसने.”

अर्ज वाचला. अक्षर सुरेख, स्पेलिंगची एकही चूक नाही. मजकूर असा होता: ‘रिगार्डिंग माय सेकंड टर्म फीज. बिकॉज माय फादर इज अ टेम्पो ड्रायव्हर. माय ब्रदर ऑल्सो स्टडिंग. इफ यू गिव्ह मी टू इन्स्टॉलमेंट्स. होपिंग फॉर युवर काइंड कन्सिडरेशन.’

पाच ओळी, पाच पूर्णविराम आणि त्यात पूर्ण वाक्य एकही नाही. बाप टेम्पो चालवतो, म्हणून काय? हप्ते दिले, तर काय? होप कोण करत आहे? ज्याला आपल्या घरची बोली ठाऊक आहे, त्याला सगळे कळते. ‘आपने दो किश्तें कर दीं तो...’ एवढे म्हणून आपण थांबतो, पुढचे समोरचा समजून घेतो. तीच आपली अदब आहे. मराठीतही ‘दोन हप्ते करून दिलेत तर...’ म्हणून वाक्य तसेच सोडून देणे ही विनंतीच असते. मुलीने ती अदब जशीच्या तशी इंग्रजीत नेली. पण इंग्रजी कागदावर अर्ध्यात सोडलेली विनंती ही विनंती ठरत नाही. ती अपूर्ण ओळ ठरते.

या महिन्याचा तास म्हणून याच विषयावर घेते. ज्या घरात मूल इंग्रजी लिहिते, त्या प्रत्येक घरात ही चूक आहे. आणि खरे सांगायचे तर माझ्यासारख्या शिक्षकांनी ती वर्षानुवर्षे चालू दिली आहे.

आधी आपल्या भाषांकडे पाहू. मराठी आणि उर्दू या दोन्हींत क्रियापद शेवटी येते. जुनी मोडी कागदपत्रे कधी पाहिली असतील तर आठवेल, एक लांब रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. तरीही वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपले ते कळत असे, कारण क्रियापद आले की वाक्य संपले. मराठीत विरामचिन्हे रुळली ती इंग्रजांच्या काळात. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. म्हणजे तो टिंब आपल्याकडे उशिरा आलेला पाहुणा आहे. त्याच्या आधीपासून आपला कानच वाक्याचा शेवट ओळखत आला.

इंग्रजीत हा कान फसतो. तिथे क्रियापद मधेच येऊन जाते आणि त्यापुढे ओळ कितीही लांबते. शेवटाची खूण सापडत नाही, म्हणून मूल जिथे श्वास सोडते तिथे टिंब देते. आमच्या पिढीने इंग्रजीची ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. मुलांचे शब्द खूप वाढले, बोलण्याची भीती गेली. वाक्य मात्र श्वासावरच राहिले.

उर्दू माध्यमात शिकलेल्या आयांना यातली अर्धी गोष्ट आधीच माहीत आहे. उर्दू व्याकरणात शब्दांच्या जुळणीचे दोन प्रकार शिकवतात, मुरक्कब-ए-नाकिस आणि मुरक्कब-ए-ताम. ‘जैद की किताब’ हे नाकिस, म्हणजे अपुरे. ‘जैद की किताब नई है’ हे ताम, म्हणजे पूर्ण. (मराठी व्याकरणात राम जन्मभर आंबा खातो, अरबी व्याकरणात जैद जन्मभर अम्रला मारतो. बिचाऱ्या अम्रने काय केले होते ते कुठल्याच उस्तादांनी सांगितले नाही.) अरबीच्या जाणकारांनी पूर्ण वाक्याची जी कसोटी सांगितली आहे, ती मला फार आवडते. ज्याच्यानंतर गप्प राहणे शोभते, ते वाक्य. बोलणारा थांबला आणि ऐकणारा ‘मग?’ म्हणत नाही, तिथे वाक्य पुरे झाले.

ही कसोटी कोणत्याही भाषेला लागते. मात्र गप्प राहण्यासाठी काय काय सांगून झाले पाहिजे, याचा कायदा प्रत्येक भाषेचा वेगळा. ‘अल्लाहु अकबर’ यात क्रियापद नाही, तरी ते पूर्ण वाक्य आहे. त्यात मुब्तदा आहे, खबर आहे, आणि अरबीला वर्तमानकाळात ‘आहे’ची गरज पडत नाही. ‘बिस्मिल्लाह’ मात्र व्याकरणाच्या दृष्टीने अपुरे आहे. ‘अल्लाहच्या नावाने’ एवढाच त्याचा अर्थ. नावाने काय? अरबी व्याकरणकार म्हणतात, इथे क्रियापद लपलेले आहे. जेवायला बसलेला माणूस ‘अल्लाहच्या नावाने जेवतो’ म्हणत असतो, लिहायला बसलेला ‘लिहितो’. हातातले काम ते वाक्य पूर्ण करते.

मराठीही ‘आहे’ सहज गाळते. ‘माझे नाव सलमा.’ ‘हे आमचे घर.’ या लेखाच्या सुरुवातीला मी ‘हातात एक अर्ज’ असे लिहिले, तिथे कोणी अडखळले नसेल. कर्ताही आपण सोडून देतो. ‘बारामतीला गेले, पुस्तके घेतली, परत आले’ यात ‘मी’ नाही, पण ‘गेले’ आणि ‘आले’ या रूपांवरून बोलणारी कोण ते कळते. इंग्रजीतल्या ‘वेंट’वरून गेला की गेली, मी की ते, काहीच कळत नाही. म्हणून इंग्रजीचा कायदा कडक आहे: कर्ता दिसला पाहिजे, आणि काळ दाखवणारे क्रियापद दिसले पाहिजे. ‘माय नेम सलमा’ चालत नाही, ‘इज’ हवे. ‘वेंट टू बारामती’ चालत नाही, ‘आय’ हवा. सूट मिळते ती फक्त आज्ञेला. ‘सिट.’ एवढा एक शब्द पूर्ण वाक्य आहे, कारण बसायचे कोणी हे समोर उभ्या असलेल्या मुलाला माहीत असते. तेव्हा ओळीच्या लांबीवर जाऊ नका. एका शब्दाचे वाक्य असते आणि पंधरा शब्दांची ओळ अपुरी असू शकते.

‘काळ दाखवणारे’ या शब्दांवर मी मुद्दाम जोर देते. ‘द बॉय प्लेइंग इन द ग्राउंड’ यात मुलांना क्रियापद दिसते. त्यांना वाटते, झाले की वाक्य! मी त्यांना म्हणते, आता हे कालचे करून दाखवा. प्लेइंग जागचे हलत नाही. मधे ‘वॉज’ आणावेच लागते. म्हणजे ‘प्लेइंग’ एकटे असते तेव्हा ते ‘खेळतोय’ नसून ‘खेळणारा’ असते. ‘मैदानात खेळणारा मुलगा’ म्हणून आपण मराठीत कधी थांबू का?

आता त्या अर्जातली सर्वांत अवघड ओळ, बिकॉजची. यावर मला थोडा वेळ द्या.

इफ, व्हेन, दो, हू हे शब्द मुलांना लवकर उमगतात, कारण मराठीत त्यांच्या जोड्या आहेत. जर म्हटले की कान तरची वाट पाहतो. जेव्हाला तेव्हा हवा, जरीला तरी हवा, जो आला की तो यायचाच. ‘द गर्ल हू लिव्ज नियर द कॅनॉल’ अशी ओळ आली की मी मुलांना मराठीत म्हणायला लावते: ‘जी मुलगी कालव्याजवळ राहते...’ सगळा वर्ग ओरडतो, ‘ती काय?’ झाले काम. बिकॉजला मात्र हा उपाय चालत नाही. आपण बिकॉज म्हणजे ‘कारण’ असे पाठ करतो, आणि मराठीत ‘कारण’ने सुरू होणारे वाक्य खुशाल एकटे उभे राहते. ‘मी शाळेत आले नाही. कारण मला ताप होता.’ वर्तमानपत्रांतही असे छापतात आणि कुणाला खटकत नाही. ‘क्यों कि’चेही तेच. म्हणून मूल इंग्रजीतही निर्धास्तपणे लिहिते, ‘बिकॉज आय हॅड फीव्हर.’ आणि टिंब.

मी आता वर्गात बिकॉजचा अर्थ ‘कारण’ असा सांगत नाही. ‘असल्यामुळे’ असा सांगते. ‘मला ताप असल्यामुळे.’ आता टिंब द्या बघू? देता येत नाही, कान लगेच ‘मग?’ म्हणतो. एवढ्या एका बदलाने माझ्या वर्गातल्या निम्म्या चुका कमी झाल्या. ‘वाक्याची सुरुवात बिकॉजने करू नये’ असा एक नियमही मुले कुठून तरी ऐकून येतात. तो खरा नाही. ‘बिकॉज आय हॅड फीव्हर, आय स्टेड अॅट होम’ हे उत्तम वाक्य आहे. सुरुवात कशानेही करा, मुख्य वाक्य मागे राहू देऊ नका.

मग ही चूक टिकली कशी? आमच्यामुळे. पेपरात प्रश्न येतो, ‘व्हाय वॉज द फार्मर सॅड?’ मूल लिहिते, ‘बिकॉज हिज वेल वॉज ड्राय.’ उत्तर बरोबर आहे म्हणून आम्ही पूर्ण गुण देतो. मीही दिलेले आहेत, चाळीस वह्यांचा गठ्ठा समोर असला की हात पुढे सरकतो. बोलताना ते उत्तर योग्यच आहे. ‘कुठून आलीस?’ याला ‘बारामतीहून’ एवढेच म्हणायचे असते, पूर्ण वाक्य बोलणारा माणूस तिथे विचित्र वाटेल. पाट्या, मथळे, फोनवरचे निरोप यांनाही हा कायदा लागत नाही. पण तिथे प्रश्न शेजारीच उभा असतो, तो उत्तराची उरलेली बाजू सांभाळतो. अर्ज एकटाच प्रवास करतो. तो ज्या टेबलावर जातो तिथे ना भाभी असतात, ना मुलगी, ना आपल्या घरातली बोली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून अर्ज पुन्हा लिहिला. मी शब्द दिले नाहीत. प्रत्येक ओळीनंतर फक्त ‘मग?’ विचारत गेले. शेवटी उतरले ते असे: ‘माय फादर ड्राइव्ह्ज अ टेम्पो, अँड माय ब्रदर इज ऑल्सो स्टडिंग. बिकॉज वी कॅनॉट पे द होल फी नाऊ, आय रिक्वेस्ट यू टू अलाउ मी टू पे इट इन टू इन्स्टॉलमेंट्स.’ ‘आय रिक्वेस्ट यू’ लिहिताना तिचा हात थांबला. इतके सरळ मागणे तिला उद्धटपणाचे वाटत होते. मी म्हटले, बेटा, इंग्रजीत अदब ‘रिक्वेस्ट’ या शब्दात आहे, वाक्य अर्धे सोडण्यात नाही. खाली तिने ‘थँकिंग यू’ लिहिले. तेही अपुरेच, पण आपल्या अर्जांचा तो रिवाज आहे, तो मी राहू दिला.

हप्ते मंजूर झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण मंजुरी येईपर्यंत मुदत उलटून गेली होती, आणि उशिराचा दंड भरावाच लागला. भाभींनी तो किती होता ते मला सांगितले नाही.

आता घरचा अभ्यास. खालच्या ओळी मुलांना मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, इथे गप्प बसता येईल का? ‘व्हेन द पालखी रीच्ड काटेवाडी.’ ‘शी नोज.’ ‘द ओल्ड मॅन सेलिंग बँगल्स नियर द बस स्टँड.’ ‘बिकॉज इट वॉज रमजान, वी वोक अप अर्ली.’ आणि शेवटची, ‘टू सी द फ्लेमिंगोज अॅट भिगवण.’ उत्तरे पुढच्या अंकात देईन. चौथ्या ओळीवर आमच्या सातवीच्या वर्गात दोन गट पडले होते, आणि मधली सुट्टी झाली तरी भांडण मिटले नव्हते.