मालकीण आपली, मग मोलकरीण कोणाची?

मजूर मालकाचे घर सोडून निघून गेला की तो 'पळाला' असे म्हणण्याची आपल्या देशात जुनी रीत आहे. तो का गेला, हा प्रश्न मागाहून विचारला जातो. पुष्कळदा तो विचारलाही जात नाही. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील आमच्या वाचकांस हा शब्द नवा नाही. दिवाळी सरली की या तालुक्यांतील कातकरी कुटुंबे बयाणा घेऊन भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. हिशेब न पटल्यामुळे त्यांतले एखादे बिऱ्हाड हंगाम संपण्यापूर्वी घरी परतले, तर भट्टीमालकाची माणसे 'पळालेल्या' मजुराचा शोध घेत पाड्यावर येतात. मजुरी किती ठरली होती आणि हाती किती पडली, याची वही मात्र कोणी उघडीत नाही. हाच प्रकार एकदा दोन मोठ्या राष्ट्रांच्या दरम्यान घडला व त्यापायी उभय देशांचे संबंध विकोपास गेले. त्या वेळी आपण कोणत्या बाजूस उभे राहिलो, याचा शांतपणे विचार करणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्रकरण २०१३ सालचे आहे. श्रीमती देवयानी खोब्रागडे या महाराष्ट्राच्या कन्या, दलित समाजातून शिकून पुढे आलेल्या, १९९९ च्या तुकडीतील परराष्ट्र सेवेच्या अधिकारी. त्या वेळी त्या न्यूयॉर्क येथे भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी भारतातून एका बाईंना घरकामासाठी तेथे नेले. व्हिसासाठी अमेरिकन सरकारास जो करार दाखविण्यात आला, त्यात मजुरी तासाला ९.७५ डॉलर लिहिली होती. महिना ३०,००० रुपयांचा दुसरा करार निराळाच होता, त्याप्रमाणे मजुरी तासाला सुमारे ३.३१ डॉलर पडत होती आणि तेथील किमान वेतन तर ७.२५ डॉलर होते, असा अमेरिकन सरकारी वकिलांचा आरोप. श्रीमती खोब्रागडे यांनी हे आरोप नाकारले. त्या बाईच अधिक पैसे व अमेरिकेत राहण्याची सोय मागत होत्या, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. या आरोपांचा साक्षीपुराव्यानिशी निवाडा त्या खटल्यात झालेला नाही. तेव्हा कोणास दोषी ठरविण्याचा अधिकार आम्ही आमच्याकडे घेत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे.

जून २०१३ मध्ये त्या बाई घर सोडून निघून गेल्या व त्यांनी आपली तक्रार तेथील लोकांपुढे मांडली. त्यानंतर काय घडले ते क्रमाने पाहावे. भारत सरकारने त्यांचे पारपत्र रद्द केले. सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांना भारताबाहेर दावा लावण्यास मनाई केली. १९ नोव्हेंबर रोजी दिल्लीच्या दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढले, आणि त्यांना पकडून परत पाठवावे अशी मागणी आपल्या सरकारने अमेरिकेकडे केली. घरकाम करणाऱ्या एका बाईच्या मागे एवढ्या मोठ्या देशाचे परराष्ट्र खाते, पारपत्र कार्यालय आणि न्यायालय अशी सर्व यंत्रणा उभी राहिली. मजुरीचा वाद होता. तो फरारी गुन्हेगाराचा शोध बनला.

अमेरिकेने उलट पाऊल टाकले. १० डिसेंबर रोजी त्या बाईंचा पती व मुले भारतातून अमेरिकेस नेण्यात आली. १२ डिसेंबर रोजी श्रीमती खोब्रागडे यांना अटक झाली, त्यांची विवस्त्र झडती घेण्यात आली आणि अडीच लाख डॉलरच्या जामिनावर त्यांना सोडण्यात आले. भारतात संतापाची लाट उसळली. १७ डिसेंबर रोजी दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे सुरक्षेचे अडथळे काढून टाकण्यात आले, अमेरिकन वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रे परत मागविण्यात आली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी खेद कळविला. तथापि खटला मागे घेतला गेला नाही. अखेर श्रीमती खोब्रागडे यांना संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या कायम शिष्टमंडळात नेमून पूर्ण राजनैतिक संरक्षण मिळवून देण्यात आले. ९ जानेवारी २०१४ रोजी त्यांच्यावर आरोपपत्र ठेवले गेले व त्या मायदेशी परतण्यास निघाल्या. भारताने त्याच दर्जाच्या एका अमेरिकन अधिकाऱ्यास देश सोडावयास लावले. १२ मार्च रोजी न्यायाधीशांनी संरक्षणाच्या मुद्द्यावर ते आरोपपत्र रद्द केले. दोनच दिवसांनी नवे आरोपपत्र आले. पुढे दोन्ही सरकारांचे बिनसलेले पुन्हा जुळले, आणि २०२० मध्ये श्रीमती खोब्रागडे कंबोडियात भारताच्या राजदूत झाल्या.

अटकेच्या रीतीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. वाणिज्यदूतांविषयीचा व्हिएन्ना करार १९६३ सालचा. गंभीर गुन्ह्याखेरीज वाणिज्यदूतास खटल्यापूर्वी अटक करू नये, आणि कारवाई करणे भागच पडले तर त्याच्या पदाचा मान राखून करावी, असे त्यात म्हटले आहे. मजुरीच्या व कागदपत्रांच्या तक्रारीवरून एका स्त्री अधिकाऱ्याची विवस्त्र झडती घेणे हे माणुसकीला सोडून होते. त्याचा निषेध झाला तो योग्यच झाला. ज्या समाजाच्या स्त्रियांची विटंबना शतकानुशतके कोणी मोजलीही नाही, त्या समाजास या अपमानाची धग अधिक लागली, यात नवल नाही.

परंतु निषेधाच्या त्या गर्दीत मोलकरणीच्या मजुरीचा प्रश्न कोणी विचारला? आपली लेक परदेशात अपमानित झाली, एवढेच आपण पाहिले. लेक आपली खरी. मग त्या घरात भांडी घासणारी बाई कोणाची? तिला जात विचारून, धर्म विचारून मग तिची बाजू घ्यावयाची काय? आपल्या माणसावर अन्याय झाला की न्याय मागावयाचा आणि आपल्या माणसावर आरोप आला की तक्रार करणाऱ्यासच फरारी म्हणावयाचे, ही रीत आपली नव्हे. ती गावच्या पाटलाची व सावकाराची रीत होती.

या बाबतीत सरकारांकडून धडा घेण्यासारखे काही नाही. त्याच २०१३ साली एडवर्ड स्नोडेन या अमेरिकन तरुणाने आपल्या सरकारची गुप्त टेहळणी जगापुढे उघड केली. अमेरिकेने त्याचे पारपत्र रद्द केले. हाँगकाँगहून निघालेला तो तरुण मॉस्कोच्या विमानतळावर पाच आठवड्यांहून अधिक काळ अडकून पडला. तो आत असेल या संशयावरून बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस यांच्या विमानास युरोपातील देशांनी आपले आकाश नाकारले व ते व्हिएन्नास उतरवावे लागले. १ ऑगस्ट रोजी रशियाने त्यास आश्रय दिला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी रशियाच्या राष्ट्राध्यक्षांशी ठरलेली भेट रद्द केली. स्नोडेनने भारताकडेही आश्रय मागितला होता; २ जुलै रोजी आपल्या सरकारने तो नाकारला. त्याने उघड केलेल्या कागदांत तर एकट्या मार्च २०१३ मध्ये भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्याचे दिसत होते. म्हणजे ज्याने आपल्या घरावरची पाळत आपणास दाखवून दिली, त्यास आपण दार उघडले नाही.

आता ही दोन चित्रे शेजारी ठेवावीत. स्वतःचे गुपित फोडणाऱ्याचे पारपत्र अमेरिकेने रद्द केले, आणि भारतीय अधिकाऱ्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईस तिनेच आसरा दिला. भारताने अमेरिकेच्या कठोरपणाविरुद्ध आवाज उठविला, आणि आपल्या मोलकरणीच्या बाबतीत पारपत्र रद्द करण्याचे तेच हत्यार उचलले. तत्त्व कोणाचेच नव्हते. ज्याला त्याला आपली सोय होती. म्हणूनच अमेरिकेच्या ढोंगाकडे बोट दाखवून त्या बाईची तक्रार खोटी ठरत नाही. चोराने दिवा लावला म्हणून उजेड खोटा होत नाही.

कोणी म्हणतील, महिना तीस हजार रुपये ही काय थोडी रक्कम झाली? भारतात तिला एवढे कोणी दिले असते? या युक्तिवादाचा आवाज आपल्या ओळखीचा आहे. 'बलुते मिळते, भाकरी मिळते, आणखी काय हवे?' हाच प्रश्न वतनाच्या काळात आपल्या वाडवडिलांना विचारला जात असे. मजुरीची किंमत जेथे घाम गळतो तेथील कायद्याने ठरते, मजूर कोठून आला त्यावरून नव्हे. महार वतनाची गुलामगिरी मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, आणि त्याच वर्षी कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. मालक आपला आहे की परका, असा भेद त्यांनी त्या कायद्यात ठेवला नाही.

दुसरा आक्षेप असा की, तिने भारतात येऊन दाद मागावयाची होती. पण दाद कोणाकडे मागावी? पारपत्र रद्द करणारे सरकार तेच आणि मालकिणीचे धनी सरकारही तेच. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हा येथे २०११ मध्ये संमत झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, परंतु अद्याप त्यास मान्यता देऊन स्वतःवर बंधन घेतलेले नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला; तो कल्याणाच्या योजनांपुरता आहे. कामाचे तास व मजुरी यांची हमी त्यातून मिळत नाही. सरकारी अधिकाऱ्यांच्या भ्रष्टाचाराची वर्दी देणाऱ्यास संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींच्या सहीने मंजूर झाला. दहा वर्षांहून अधिक काळ लोटूनही तो अंमलात आणला गेला नाही. उलट, बँकांचे पैसे बुडवून परदेशी गेलेल्यांसाठी २०१८ मध्ये केलेला कायदा तात्काळ लागू झाला. तो हवाच होता. परंतु धन घेऊन पळालेला आणि खरे बोलल्यामुळे पळावे लागलेला, यांतील भेद ज्या राज्यास करता येत नाही, त्या राज्यात खरे बोलण्यास कोण धजेल?

अशी वर्दी देणाऱ्यास मराठीत अलीकडे 'जागल्या' म्हणू लागले आहेत. रात्री गावची राखण करून हाळी देणारा तो जागल्या. गावची राखण आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे. हाळी देणाऱ्याचे मोल आपणास कोणी शिकवावे असे नाही. अत्याचाराच्या खटल्यात साक्षीदारावर दडपण येऊ नये म्हणून आपण लढलो, आणि २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित व साक्षीदार यांचे हक्क लिहिले गेले. २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहेत. जे संरक्षण आपण आपल्या साक्षीदारासाठी मागतो, तेच आपल्यापैकी कोणाविरुद्ध बोलणाऱ्या दुबळ्या माणसासही मिळाले पाहिजे. नाहीतर आपली मागणी हक्काची न राहता केवळ गटाची होईल.

हा प्रश्न न्यूयॉर्कपुरता नाही. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून पहाटेची गाडी धरून आणि मुरबाडहून एसटीने कल्याण गाठून आपल्या कित्येक भगिनी परक्या घरी धुणीभांडी करतात. त्याच वेळी, नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या कित्येक घरांत आज कामाला बाई येते. एकाच समाजात मालकीण आणि मोलकरीण दोघीही आहेत. म्हणून आमचे सांगणे दोघींनाही आहे. ज्या घरी बाई कामास येते, त्या घराने ठरलेली मजुरी कागदावर लिहून द्यावी, ती वेळेवर द्यावी, आठवड्याची सुट्टी द्यावी, तिचे कागदपत्र आपल्या कपाटात ठेवू नयेत, आणि एकच करार करावा. दाखविण्याचा एक व पाळण्याचा दुसरा असे करू नये. जी कामास जाते तिने आपल्या कामाची व मजुरीची नोंद स्वतःजवळ ठेवावी, आणि परदेशी जाण्याचा प्रसंग आला तर करार वाचून घेतल्याखेरीज अंगठा वा सही करू नये. भट्टीवर जाणाऱ्या बांधवांस सांगावे की, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बयाण्यापायी कोणास बांधून ठेवता येत नाही; त्या कायद्याचा अंमल करण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर व त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांवर आहे. बिऱ्हाड परतले म्हणजे ते पळाले असे नव्हे.

आपल्या लेकी राजदूत व्हाव्यात, न्यायाधीश व्हाव्यात, ही आपली आकांक्षा आहे आणि ती रास्त आहे. परंतु उंच गेलेल्या लेकीचा अभिमान बाळगताना तिच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचे म्हणणे ऐकण्याची तयारीही आपल्यात हवी. ज्या दिवशी आपल्या वस्तीत एखादी मोलकरीण आपल्यातल्याच मोठ्या माणसाविरुद्ध तक्रार घेऊन येईल, त्या दिवशी तिला बसावयास पाट द्यावा व प्रथम मजुरीची वही उघडावी. समतेवरचा आपला विश्वास खरा किती, हे त्या दिवशी समजेल.