निखाऱ्याभोवतीची पंगत

दिल्लीच्या जामा मशिदीच्या परिसरात सायंकाळ झाली, की कबाबवाल्यांच्या शेगड्यांत निखारे फुलू लागतात. लोखंडी सळ्यांवर खिम्याचे कबाब भाजले जातात. चरबीचे थेंब विस्तवात पडतात आणि त्यातून उठणारा धूरच मांसाला खमंगपणा देतो. उघड्यावर मांडलेल्या बाकांवर हमाल, विद्यार्थी आणि प्रवासी शेजारी शेजारी बसून जेवतात. मोठ्या उपाहारगृहांत अशी समता क्वचितच आढळते. म्हणूनच गावोगावची अशी ठिकाणे टिकली पाहिजेत, असे मला वाटते.

त्यांच्यामुळे पदपथ अडतो, हा आक्षेप खोटा नाही. परंतु रस्त्यावर शेगडी मांडणाऱ्यांना हुसकावून लावणे, हा त्यावरील उपाय नव्हे. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असावे लागतात. विक्रीची जागा आणि वेळ या समितीच्या सल्ल्याने ठरावी. विक्रेत्याने पादचाऱ्यांसाठी वाट मोकळी ठेवावी. आपणही खरकटे रस्त्यावर टाकू नये. रस्ता जसा चालणाऱ्याचा आहे, तसाच तो त्यावर पोट भरणाऱ्याचाही आहे.