बोअरच्या पाण्यातला समुद्र

"अगं, समुद्र कधी घेतलास?" व्हिडिओ कॉलवर माझ्या मागची टाकी बघून पुण्याच्या मैत्रिणीने विचारलं. निळी बॅकग्राउंड, पांढरी वाळू आणि खडकांतून सुळकन जाणारे पिवळेधमक, निळेशार मासे. मी मस्तपैकी भाव खाऊन घेतला. खरं तर ते आमच्या राहुरीच्या बोअरचं पाणी आहे!

लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलं, तेव्हापासून घरात समुद्र हवा हे डोक्यात होतं. पण खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे खास मीठ, वेगळी यंत्रं आणि महागडे मासे. त्यातले बरेचसे थेट समुद्रातून पकडून आणलेले. फ्रीलान्सरच्या खिशालाही जड आणि मनालाही. त्यावरचा हटके उपाय म्हणजे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड. मासे गोड्या पाण्यातले, पण रंग थेट समुद्रातले. आणि त्यांना काय आवडतं? क्षारांचं, आठच्या आसपास पीएच असलेलं पाणी. म्हणजे डाळ शिजत नाही, बादलीवर पांढरे थर चढतात म्हणून आई रोज ज्याला शिव्या घालते, तेच!

मग काय, चार फुटी टाकी आणली आणि दुसऱ्याच दिवशी आठ मासे सोडले. दहा दिवसांत आठही गेले. शेवटचा मासा बाहेर काढताना आई एवढंच म्हणाली, "शोपीस आणलंस की जीव आणलेस?"

उत्तर नव्हतं. पाणी योग्य होतं, पण तयार नव्हतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, आणि जास्त पीएचच्या पाण्यात तो अधिकच विषारी ठरतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्या खेपेला मी रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत बसले. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तेव्हाच मासे आणले.

तुम्हाला करायचं असेल तर खडक आधी काचेच्या तळावर पक्के बसवा, वाळू नंतर. हे मासे खणतात, वाळूवरचा खडक कोसळू शकतो. शोसाठी खरं प्रवाळ मात्र आणू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. लाइट गेल्यावर लागणारा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. आणि कंटाळा आला तरी मासे मुळा धरणात सोडू नका. बाजारातली चिलापी याच कुळातली. मूळची आफ्रिकेतली ती 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि नद्या-तलावांत अशी पसरली की आपल्या माशांना जड गेली.

गेल्या महिन्यात एक पिवळी मादी जेवेना. आई काळजीत. तिचे गाल फुगलेले दिसले तेव्हा उलगडा झाला. तोंडात अंडी! या माद्या सुमारे तीन आठवडे पिल्लं तोंडात सांभाळतात आणि तोवर जवळजवळ उपाशीच राहतात. त्या दिवसापासून आई टाकीसमोरून जाताना पावलंही हळू टाकते.

परवा ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "पाणी जड आहे हो आमचं. पण माशांना मानवतं!"