जाहिरातीचा भार कोणाच्या शिरावर?

येडशीच्या बाजारात किराणा दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. गिऱ्हाईक साबण मागत नाही. साबणाचे नाव मागते. अक्षरओळख नसलेली आजीबाईही वेष्टनाच्या रंगावरून हवी ती पुडी अचूक उचलते. हे शिक्षण शाळेने दिलेले नाही. रेडिओने व दूरचित्रवाणीने दिले आहे.

आकाशवाणी जाहिराती घेत नव्हती, त्या काळी कारखानदार रेडिओ सिलोनकडे वळले. १९६७ साली विविध भारतीच्या मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून व्यापारी प्रसारण सुरू झाले आणि १९७६ साली दूरदर्शननेही जाहिरातींना दार उघडले. या माध्यमाचे सामर्थ्य नाकारता येत नाही. अहमदाबादेत १९६९ मध्ये घरगुती प्रमाणावर निघालेली निरमा पावडर पुढे बड्या कंपनीशी झुंजली, ती स्वस्त किमतीच्या व घरोघर पोहोचलेल्या गाण्याच्या बळावर.

परंतु अशी उदाहरणे विरळाच. जाहिरातीचा खर्च कोट्यवधी पुड्यांवर विभागला, तर पुडीमागे तो नगण्य ठरतो. तोच एका तालुक्यातील विक्रीवर पडला, तर उत्पादक बुडतो. म्हणजे बड्यास जाहिरात स्वस्त आणि लहानास महाग! कुंथलगिरीचा पेढा तोंडोतोंडी कीर्ती पावला. पण पापड-मसाले करणाऱ्या नव्या बचतगटाला तेवढी वर्षे थांबण्याइतके भांडवल कोठून असणार?

शिवाय हा खर्च अखेर किमतीत शिरतो. फुकट ऐकलेल्या गाण्याचे मोल ग्राहक दुकानात मोजतो आणि त्याच पैशाने त्याच्या शेजारणीचा माल बाजारातून मागे सारला जातो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख रुपयांपर्यंत, व पुन्हा अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती स्वागतार्हच होय. तथापि खोट्यास शासन झाले म्हणून लहानास वाचा फुटत नाही.

त्यासाठी उपाय जवळच आहे. धाराशिवला आकाशवाणीचे केंद्र आहे. जिल्ह्यातील बचतगटांना व लघुउद्योजकांना तेथे रोज काही मिनिटे नाममात्र दरात राखून ठेवावीत. सार्वजनिक पैशावर उभारलेल्या ध्वनिक्षेपकावर एवढा हक्क सांगणे वावगे नव्हे. मालाचा कस ग्राहक ठरवीलच. पण त्याआधी मालाचे नाव तरी त्याच्या कानी पडले पाहिजे.