राजा फक्त 'मंजूर' म्हणतो, मग निर्णय घेतं कोण?

ब्रिटनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या बैठकीत कुणी खुर्चीवर बसत नाही. राजासकट सगळे उभे. लॉर्ड प्रेसिडेंट आदेशांची यादी वाचतात, राजा 'मंजूर' म्हणतो, संपलं. चर्चा नाही की मतदान नाही. सभासद 700 च्या वर आहेत, पण एरवी बोलावणं येतं तीन-चार मंत्र्यांनाच. राजाला 'सल्ला' दिला जातो खरा, पण तो सरकारने आधीच ठरवलेला असतो.

मग हा सोपस्कार कशाला? राजाच्या नावाने निघणाऱ्या हुकुमामागे पार्लमेंटला जाब देणारा मंत्री असावा, म्हणून. पण पार्लमेंटच बंद करायचं ठरलं तर? 28 ऑगस्ट 2019 ला स्कॉटलंडमधल्या बाल्मोरलला तीन सभासद राणीसमोर उभे राहिले आणि ब्रेक्झिटच्या ऐन तोंडावर पार्लमेंट पाच आठवडे बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. सल्ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा होता आणि तो नाकारण्याची प्रथा नाही. 24 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्या 11 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं : सल्लाच बेकायदा, म्हणून हुकूमही रद्द. राणीला कुणी दोष दिला नाही, आणि द्यायचं कारणही नव्हतं.

या कौन्सिलशी आपलं जुनं नातं आहे. तिची न्यायिक समिती इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानचं शेवटचं अपील कोर्ट होती. 1894 मध्ये तिने कुटुंबासाठी केलेला वक्फ (वक्फ अलल-औलाद) अवैध ठरवला. तो पुन्हा वैध व्हायला 1913 चा कायदा यावा लागला, आणि ते विधेयक मांडलं होतं जिनांनी. कलकत्ता हायकोर्टात अशा वक्फच्या बाजूने मत देणारे सय्यद अमीर अली 1909 मध्ये या समितीवर बसणारे पहिले हिंदी न्यायाधीश झाले.

आपल्याकडे प्रिव्ही कौन्सिल नाही, पण घडी तीच. कलम 74 प्रमाणे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. तो सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवता येतो, पण पुन्हा तोच आला तर मानावाच लागतो. कलम 111 खाली संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाचंही तसंच. 2025 मध्ये वक्फ सुधारणा विधेयक आलं तेव्हा 'राष्ट्रपतींनी सही करायला नको होती' असं बरेच जण म्हणत होते. राग समजतो, पण पत्ता चुकला. 5 एप्रिलला सही झाली. निकाल त्याआधीच सभागृहात लागला होता, लोकसभेत 288 विरुद्ध 232 आणि राज्यसभेत 128 विरुद्ध 95 मतांनी. आपल्या खासदाराचं मत त्यात कुठल्या बाजूला पडलं, हे विचारलं किती जणांनी?