चटईने लव्हाळा हटत नाही



गेल्या अंकात एका वाचकांनी ‘वीड मॅट अंथरा आणि खुरपं कायमचं टांगून ठेवा’ असा सल्ला दिला आहे. परसबागेत सात वर्षं ही काळी चटई वापरल्यावर मला तो मुळीच पटत नाही.

चटईने उजेड अडतो, त्यामुळे बीपासून उगवणारं गाजरगवत दबतं, हे खरं. पण लव्हाळ्याचं काय? जमिनीतल्या गाठीतून निघणारा त्याचा सुईसारखा कोंब मल्चिंगचा प्लास्टिक कागदसुद्धा भोसकून वर येतो. हरळी तर कडेखालून सरकत येते आणि विणीतच मुळं रोवते. तिसऱ्या पावसाळ्यात चटईवर साचलेल्या मातीतच तण माजलं. उपटायला गेले तर उन्हाने विरलेले प्लास्टिकचे धागेच हातात आले. जास्वंदीखालची चटई उचलली तेव्हा झाडाची कोवळी मुळं खालून चिकटलेली होती, ती तटातटा तुटली. धाग्यांचे तुकडे मी आजही वाफ्यातून वेचते आहे.

पायवाटेवर, कुंड्यांखाली चटई जरूर घाला. तिथे ती उत्तम. वाफ्यात मात्र पहिल्या पावसानंतर माती भुसभुशीत झाली की लव्हाळा गाठींसकट खणून काढावा, तोही पुन्हापुन्हा, आणि वर तीन-चार इंच पालापाचोळा पसरावा. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंधा कुजतो.

– एक वाचक, चिपळूण