लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना

मैत्रिणींनो, कार्यालय आणि केटरर ठरले, की फोटोग्राफर ‘बघू कुणीतरी’ म्हणून मागे पडतो. तसं करू नका. तो नमुन्याचा अल्बम दाखवील, पण त्यात अनेक लग्नांतले निवडक फोटो असतात. त्याऐवजी एकाच लग्नाचे सगळे फोटो मागा. अंतरपाट दूर होतो तो क्षण, लाजाहोमाच्या धुरातले चेहरे, कानपिळी, सूनमुख हे नीट टिपलंय का, ते बघा. ‘प्रत्यक्ष तुम्हीच येणार ना?’ हेही विचारा.

करारावर सही वाचूनच करा बरं का! १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क आपला असतो. मूळ फोटो कधी मिळणार, तेही लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता ते हाती आल्यावरच द्या.

आणि मुख्य म्हणजे, घरातल्या वडीलधाऱ्यांची यादी त्याला द्या. ती माणसं दाखवायला एखादा भाचा सोबत ठेवा. गुडघ्यांमुळे स्टेजवर न चढणारी आजी नाहीतर एकाही फोटोत सापडत नाही. आणि पुढे सगळ्यांत आधी आपण शोधतो तो तिचाच फोटो!